जांभळा नीलम पहिल्यांदा घेताना

भाचीचा साखरपुडा ठरला आणि तिने घरात सांगून टाकलं की अंगठीत हिरा नको, जांभळा नीलम हवा. ताई म्हणाली, "अगो, नीलम निळा असतो ना?" तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, जपमाळ थांबवली. "शनीचा खडा? साखरपुड्याला?" आमच्या घरचे दागिने घडवणारे सोनारकाका मात्र चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "जांभळा म्हणजे कुठचा? करवंदाचा, जांभळाचा की कोकमाचा?"

पुढचे दोन महिने मी भाचीबरोबर रत्नागिरी, कुडाळ आणि मुंबईच्या वाऱ्या केल्या. खडे विकणं हा माझा धंदा नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका खड्यात फसलो, तेव्हापासून खिशात भिंग असतं आणि वाचन चालू असतं, इतकंच. तिला जे सांगत गेलो तेच इथे क्रमाने लिहितो आहे. बहुतेक जण आधी अंगठीचं डिझाइन पसंत करतात, मग त्यात बसेल असा खडा शोधतात आणि पैसे देऊन झाल्यावर कागद मागतात. तसं करू नका.

पायरी १: दगडाचं कूळ

नीलम आणि माणिक ही एकाच घरातली भावंडं. दोघांचं खनिज कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही तमिळ 'कुरुंदम' आणि संस्कृत 'कुरुविंद' यांच्याच घराण्यातला. शुद्ध कुरुंद बिनरंगी असतो. त्यात क्रोमियम शिरलं की लाली येते, आणि ती पुरेशी गडद असली की माणिक. लोह आणि टायटॅनियम जोडीने शिरले की निळा. लाल सोडून बाकी सगळ्या रंगांच्या कुरुंदाला रत्नशास्त्रात नीलमच म्हणतात, अगदी आपण ज्याला पुष्कराज म्हणतो त्या पिवळ्यालाही. जांभळ्या खड्यात दोन्ही पाहुणे एकाच वेळी मुक्कामाला असतात: क्रोमियमची लाली आणि लोह-टायटॅनियमची निळाई. काही खड्यांत व्हॅनेडियमही हातभार लावतं.

गंमत अशी की यातला बराचसा शिधा आपल्या किनाऱ्यावर पडलेला आहे. दापोली-मंडणगडकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, बॉक्साइट आहे, म्हणजे ॲल्युमिनियम. काळबादेवी-मालगुंडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, ते तर लोह आणि टायटॅनियम यांचंच ऑक्साइड. सामान आहे, पण चूल नाही. रत्नाच्या लायकीचा कुरुंद जमिनीखाली खोल, मोठ्या उष्णतेत आणि दाबात, सिलिका कमी असलेल्या ठिकाणी तयार होतो. आपला जांभा दगड म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन काढलेल्या कातळाची शिल्लक. तेव्हा नाव रत्नागिरी असलं तरी 'हा इथलाच नीलम' असं कुणी सांगितलं, तर चहा पिऊन उठावं.

खऱ्या अर्थाने रत्नांचं गाव म्हणजे श्रीलंकेतलं रत्नपुरा. तिथे भातशेताखालच्या जुन्या नदीगाळातून, ज्याला ते 'इल्लम' म्हणतात, नीलम चाळून काढतात. जांभळे खडे तिथून येतात, मादागास्करमधून येतात (इलाकाका भागातला मोठा साठा १९९८ मध्ये उजेडात आला) आणि टांझानियातून येतात. बाजारात तुमच्यापर्यंत ते बहुधा जयपूर किंवा मुंबईमार्गे पोचतात.

कठीणपणा मोह्सच्या १ ते १० च्या मापावर ९. वर फक्त हिरा. रोज घालायच्या अंगठीला याहून सोयीचे रंगीत खडे फार थोडे.

पायरी २: रंग, आणि त्याहून आधी उजेड

या पायरीवर घाई करू नका. जांभळ्या नीलमाच्या किमतीचा मोठा भाग रंगात असतो, आणि जांभळा हा मिश्र रंग असल्यामुळे तो उजेडाप्रमाणे सरकतो. निळा नीलम सकाळी निळा आणि रात्री निळाच. जांभळा तसा इमानदार नाही. दिवसाच्या उजेडात त्याची निळाई वर येते, पिवळ्या दिव्याखाली लाली वर येते. काही खड्यांत हा फरक जेमतेम जाणवतो, काहींत दोन वेगळे खडे वाटावेत इतका. फरक ठळक असेल तर त्याला 'कलर चेंज' म्हणून जास्त पैसे मागतात, आणि बदल खरोखर स्वच्छ असेल तर ते रास्तही असतं.

सोनारकाकांची भाषा मला कुठल्याही रंगतक्त्यापेक्षा उपयोगी वाटते. कोकमाचा म्हणजे लालीकडे झुकलेला. रातांब्याची साल मिठात भिजून आगळ सुटतं, त्या आगळाचा रंग. जांभळाचा म्हणजे दोन्ही समान. पिकलेलं जांभूळ चावल्यावर जिभेवर उरतो तो. करवंदाचा म्हणजे निळाईकडे, काळसर. व्यापारी इंग्रजीत लालीकडच्याला पर्पल आणि निळाईकडच्याला व्हायोलेट म्हणतात, आणि साधारणपणे ताजा, उजळ पर्पल अधिक मागणीत असतो. पण अंगठी तुमची आहे.

झुकाव ठरला की गडदपणा बघा. आगळ सरळ पेल्यात ओतलं तर आरपार दिसत नाही, पाणी घालत गेलं की एका टप्प्यावर ते झळकतं, आणि आणखी घातलं की फिकं, बेचव. खड्याचंही तेच. पारखायचा आहे तो मधला टप्पा. नवखे लोक नेहमी जास्त गडद खडा उचलतात, कारण दुकानातल्या प्रखर दिव्यांखाली तोच राजेशाही दिसतो. घरी आणल्यावर संध्याकाळी सात वाजता तो काळं बटण होतो. मी भाचीला सांगितलं, आवडलेल्या खड्यापेक्षा एक छटा फिका घे. तिने ऐकलं नाही, मग दुसऱ्या दिवशी ऐकलं.

तिसरी गोष्ट रंगाचा ताजेपणा. काही जांभळ्यांवर राखाडी किंवा तपकिरी मळभ असतं. एकटा खडा बघताना ते कळत नाही, शेजारी दुसरा ठेवला की लगेच कळतं. म्हणून कधीही एकच खडा बघून पसंत करू नका. तीन तरी मागवा.

आता उजेड. खडा मखमलीवर बघू नका. पांढऱ्या कागदाची घडी घालून त्या खाचेत ठेवा. साधारण दहा ते तीनच्या दरम्यान, थेट ऊन येत नाही अशा खिडकीपाशी उभे राहा. आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे: घराभोवती माड-पोफळी असतात. पानांतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो, त्यात लाल कमी असतो, आणि त्यात जांभळा खडा उगाच राखाडी दिसतो. आमच्या पडवीत भाचीने एक चांगला खडा याच कारणाने नाकारला होता. सड्यावर गाडी थांबवून उघड्या आकाशाखाली तोच पुन्हा पाहिला तेव्हा तिला पटलं. पावसाळी ढगाळ दिवस खरं तर उत्तम. उजेड सम असतो, चकाकीने डोळे फसत नाहीत, फक्त रंग थोडा निळसर दिसेल हे लक्षात ठेवायचं.

दिवसाचा उजेड झाला की घरातला दिवा. आपल्या बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनमध्ये आकडा असतो: ६५०० म्हणजे पांढरा, २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळा. तुमच्या घरी जे दिवे आहेत त्यांच्याखाली खडा बघा, कारण पुढची तीस वर्षं तो तिथेच दिसणार आहे. आम्ही शेवटच्या तीन खड्यांपैकी एक देवघरात निरांजनाजवळ नेला. आईने माळ बाजूला ठेवून तो हातात घेतला, फिरवला आणि विचारलं, "हा माणिक आहे ना?" त्यानंतर शनीचा विषय निघाला नाही.

राशीच्या बाजूने एवढंच लिहितो. निळसर-लाल झाक असलेल्या नीलमाला जुन्या बाजारात 'खूनी नीलम' म्हणतात आणि काही जण तो घालायला घाबरतात. ज्याची श्रद्धा आहे त्याने आपल्या जाणत्या माणसाला विचारावं. पण राशीचा खडा म्हणून विकत घेणं आणि दागिन्याचा खडा म्हणून विकत घेणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पहिल्यात वजनाला किंमत असते, दुसऱ्यात झळाळीला. राशीसाठी आणून ठेवलेले जाडजूड, मंद खडे दागिन्याच्या भावाने गळ्यात पडणार नाहीत ना, ते बघा.

पायरी ३: नावं

मी फसलो तो असा. एका थंड हवेच्या ठिकाणी फिरायला गेलो असताना एका दुकानात 'अलेक्झांड्राइट' घेतला. दिवसा राखाडी-निळा, दिव्याखाली झकास जांभळा. अलेक्झांड्राइट हे फार दुर्मिळ रत्न, आणि मला ते खिशाला परवडणाऱ्या भावात मिळालं म्हणून मी खूश. कुडाळच्या एका म्हाताऱ्या कारागिराने भिंगाखाली मिनिटभर बघितलं आणि परत दिला. "खडो बरो आसा, पण नाव खोटा."

तो होता व्हॅनेडियम घातलेला कृत्रिम कुरुंद. म्हणजे विचित्र गोष्ट अशी की मी जांभळा नीलमच घेतला होता, पण भट्टीतला. ऑग्युस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत पूड वितळवून कुरुंद बनवायची रीत १९०२ मध्ये जाहीर केली. तेव्हापासून हे खडे निघताहेत, आणि आजीच्या पेटीतला जुना खडा असला तरी तो त्यामुळे नैसर्गिक ठरत नाही. कारागिराने जे पाहिलं ते असं: भट्टीतल्या कुरुंदात वाढीच्या रेषा वाकड्या, कमानीसारख्या असतात, कधी हवेचे बुडबुडे दिसतात. नैसर्गिक कुरुंदात रंगाचे पट्टे सरळ असतात आणि कोनात वळतात. शिवाय रूटाइल या खनिजाच्या बारीक सुया दिसू शकतात, ज्यांना धंद्यात 'सिल्क' म्हणतात, किंवा बोटाच्या ठशासारख्या जाळ्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि शंभर खडे बघा, मग डोळा बसतो. पहिल्या पाचांत काही कळणार नाही, निराश होऊ नका. कृत्रिम खडा घेणं काही गुन्हा नाही. रंग सुंदर असतो, टिकाऊपणा तोच. फक्त त्याचे पैसे त्याच्याच भावाने द्यावेत.

जांभळ्या रंगात तोतयांची रांग लांब आहे. सगळ्यात नेहमीचा ॲमेथिस्ट, ज्याला आपल्याकडे कटेला किंवा जमुनिया म्हणतात. तो क्वार्ट्ज, कठीणपणा ७, किंमत नीलमाच्या मानाने अगदी किरकोळ. मग टांझानाइट, जो मऊ आहे आणि रोजच्या अंगठीत टिकत नाही. स्पिनेल, जो स्वतःच्या नावाने विकला तर मानाचा खडा आहे. कोकमी झाकेचा ऱ्होडोलाइट गार्नेट. आयोलाइट. यांना वेगळं करायला रत्नपारख्याकडे रिफ्रॅक्टोमीटर नावाचं लहानसं यंत्र असतं. खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते त्यावर वाचता येतं. नीलमाचा आकडा १.७६ ते १.७७, ॲमेथिस्टचा १.५४ ते १.५५, स्पिनेलचा १.७२ च्या आसपास. दोन मिनिटांचं काम आहे. "तुमच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे का?" एवढा प्रश्न विचारला तरी पलीकडच्या माणसाचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. काचेवर ओरखडा काढून दाखवणाऱ्याकडे मात्र लक्ष देऊ नका. काच तर ॲमेथिस्टनेही ओरखडते.

नावाच्या घोटाळ्याचा सर्वात थोर नमुना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. 'दिल्ली पर्पल सफायर' या नावाचा शापित खडा. १८५७ च्या धामधुमीत तो कानपूरच्या इंद्रमंदिरातून लुटला गेला आणि ज्याच्या हाती गेला त्याचं वाटोळं करत सुटला, अशी दंतकथा. एडवर्ड हेरॉन-ॲलन नावाच्या शेवटच्या मालकाने त्यासोबत इशाऱ्याची चिठ्ठीही लिहून ठेवली होती. कहाणीप्रमाणे तो दिल्लीचा नाही, आणि तपासणीप्रमाणे नीलमही नाही. ॲमेथिस्ट आहे.

पायरी ४: कागद

रंग पसंत करायला तुमचे डोळे पुरेसे आहेत. खडा कोण आणि त्याच्यावर काय काय केलंय, हे प्रयोगशाळेने सांगायचं. मुंबईत जीआयए या अमेरिकी रत्नसंस्थेची प्रयोगशाळा आहे, जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे. जयपूरला आयआयजीजे-आरएलसी आहे, म्हणजे पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी. फार महागाच्या खड्यांसाठी लोक स्वित्झर्लंडच्या गुबेलिन किंवा एसएसईएफचा अहवाल मागतात. साखरपुड्याच्या अंगठीला तेवढी गरज नाही.

अहवालावर पहिल्यांदा बघायचं ते 'नॅचरल कोरंडम' आणि त्याखाली रंगासह प्रकार. मग वजन कॅरेटमध्ये दोन दशांशांपर्यंत आणि लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये. ती हातातल्या खड्याशी ताडून बघा. खरा अहवाल दुसऱ्याच खड्याला जोडून देणं ही जुनी युक्ती आहे. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर घालून पाहा. शक्यतो खडा सुटा असतानाच तपासून घ्या. कोंदणात बसल्यावर त्याची कंबर आणि पाठ झाकली जाते आणि तपासणी अर्धीमुर्धी होते.

त्यानंतर 'ट्रीटमेंट'ची ओळ. नीलम तापवणं ही सर्वमान्य रीत आहे आणि बाजारातले बहुतेक निळे नीलम तापवलेले असतात. जांभळ्याचं गणित थोडं वेगळं. हवेत बेताने तापवलं की त्यातली निळाई उतरते आणि खडा गुलाबी होतो. म्हणजे ज्याला जांभळाच रंग हवा आहे, त्याच्या दृष्टीने ताप हा शत्रू. म्हणून न तापवलेला जांभळा नीलम मिळणं हे न तापवलेला निळा मिळण्याइतकं अवघड नाही. अहवालावर त्याला 'नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' असं लिहितात. विक्रेता तेवढ्या एका ओळीसाठी दुप्पट मागत असेल, तर हे आठवा आणि घासाघीस करा.

तापवलेला खडा घ्यायला हरकत नाही. काच भरलेला मात्र दागिन्यासाठी मुळीच घेऊ नका. भेगाळलेल्या कुरुंदात शिशाची काच मुरवून त्याला झळाळी देतात, माणकात हा प्रकार सर्रास चालतो आणि गुलाबी-जांभळ्या खड्यांतही दिसतो. ही काच लिंबाच्या रसानेसुद्धा खराब होते. आपल्या स्वयंपाकघरात, जिथे लिंबू, चिंच, आगळ यातलं काहीतरी रोज हाताला लागतं, तिथे असा खडा वर्षभरात पांढऱ्या रेषा दाखवायला लागेल. शिवाय सोनाराची फुंकणी किंवा तेजाब लागलं की संपलंच.

लॅमिनेशन केलेली, एटीएम कार्डाएवढी प्रमाणपत्रं दुकानदार फुकट देतात. त्यांच्यावर विसंबू नका. सौदा करताना पावतीवरच लिहून घ्या की अमुक प्रयोगशाळेत खडा नैसर्गिक आणि काच न भरलेला ठरला नाही तर पैसे परत. व्यापारी आपसात माल 'जांगड'वर देतात, म्हणजे बघायला न्या, पटला तर ठेवा. गिऱ्हाइकाला तेवढी मोकळीक मिळत नाही, पण ओळखीच्या सोनारामार्फत गेलात तर तो स्वतःच्या जबाबदारीवर जांगड आणून देऊ शकतो. आमचे शेवटचे तीन खडे असेच आले होते.

पायरी ५: माप, पैलू, पैसा

कॅरेट हा शब्द दोनदा भेटतो. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, खड्याचा कॅरेट म्हणजे वजन: ०.२ ग्रॅम. पाच कॅरेटचा एक ग्रॅम. रत्तीत भाव सांगत असतील तर कुठची रत्ती ते विचारा. एक सुमारे १२१ मिलिग्रॅमची चालते, दुसरी सुमारे १८२ मिलिग्रॅमची. फरक दीडपटीचा आहे. सरळ कॅरेटमध्येच बोला.

नीलम हिऱ्यापेक्षा जड, त्यामुळे त्याच वजनात लहान दिसतो. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा, तर नीलम सहाचा. अंडाकृती ८ बाय ६ मिलिमीटरचा नीलम सुमारे दीड कॅरेट भरतो, आणि बारीक बोटांवर तो पुरेसा भारदस्त दिसतो. किंमत प्रति कॅरेट असते, आणि तो भावही मापाबरोबर चढतो. एक, दोन, तीन या पूर्ण आकड्यांपाशी उडी असते. म्हणून ०.९५ कॅरेटचा खडा शोधण्यात शहाणपणा आहे. बोटावर कुणालाही फरक कळत नाही. एकूणात, तोडीस तोड प्रतीच्या निळ्या किंवा गुलाबी नीलमापेक्षा जांभळा सहसा स्वस्त पडतो. माझ्या मते तो बाजाराचा दृष्टिदोष आहे, पण गिऱ्हाइकाने तक्रार करू नये असा.

पैलू तपासायची सोपी रीत: खडा सपाट बाजू वर करून वर्तमानपत्राच्या अक्षरांवर धरा. मधोमध अक्षरं वाचता येत असतील तर खड्याला 'विंडो' आहे, म्हणजे प्रकाश परत न येता खालून निसटतोय आणि तिथे रंग पुसट दिसणार. उलट प्रकार म्हणजे पोट सुटलेला खडा: वजन वाचवायला कारागिराने खालचा भाग फुगीर ठेवलेला असतो. तुम्ही पैसे पूर्ण वजनाचे देता आणि त्यातलं बरंचसं कोंदणात गडप होतं. खडा हळू फिरवूनही बघा. नीलम दोन दिशांना दोन रंग दाखवतो. जांभळ्यात एका बाजूने जांभळी झाक आणि दुसऱ्या बाजूने तांबूस-नारिंगी. चांगल्या कारागिराने त्यातला जांभळा समोर आणलेला असतो.

आतल्या डागांची फार काळजी करू नका. हातभर अंतरावरून डोळ्यांना स्वच्छ दिसतोय ना, पुरे. भिंगातही निर्दोष दिसणारा मोठा, स्वस्त, जांभळा खडा कुणी पुढे केला, तर आधी मागच्या दोन पायऱ्या पुन्हा वाचा.

पायरी ६: सोनं आणि कोंदण

आपल्या घरांत २२ कॅरेटच्या खाली सोनं मानत नाहीत. पण खडा धरून ठेवणाऱ्या नख्या, ज्यांना सोनार प्रॉंग म्हणतात, त्यांना २२ कॅरेट मऊ पडतं. अंगठीला १८ घ्या. शिक्क्यावर ७५० असेल. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक, असायलाच हवा. बीआयएस केअर ॲपवर तो घालून पाहता येतो. हा शिक्का फक्त सोन्याबद्दल बोलतो, खड्याबद्दल एक अक्षर नाही. दुकानात "हॉलमार्क आहे ना, मग काय!" असं कुणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, खड्याचं वजन आणि किंमत वेगळी, घडणावळ वेगळी अशी मांडणी करून घ्या. खड्याचं वजन सोन्यात धरून सोन्याच्या भावाने लावलेल्या पावत्या मी पाहिल्या आहेत.

सोनं पिवळं की पांढरं? गडद जांभळ्याला पिवळं सोनं खुलून दिसतं, हळदीच्या शेजारी वांगी रंगाचं लुगडं दिसतं तसं. फिक्या खड्यात मात्र पिवळ्याची छाया शिरते आणि रंग गढूळ होतो. तिथे निदान नख्या पांढऱ्या सोन्याच्या करा. पांढऱ्या सोन्यावरचा ऱ्होडियमचा मुलामा वापराने झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो, हा खर्च आधीच धरून ठेवा.

कोंदणाचा निर्णय हाताच्या कामावरून करा. उंच नख्यांत खडा सुंदर उजळतो, पण विळीवर खोबरं खवताना, बांगडे साफ करताना, कपडे पिळताना नखी अडकते आणि उचलली जाते. भाची शाळेत शिकवते आणि घरी स्वयंपाकही करते. तिच्यासाठी सोनारकाकांनी बंद कोंदण केलं, सोन्याची बारीक कड चारी बाजूंनी खड्यावर दुमडलेली, पण पाठ उघडी. पाठ उघडी ठेवायचा आग्रह धराच. पाठ बंद असली की प्रकाश अडतो, आत साबण साचतो आणि मागे वर्ख लावलाय का हे कळायला मार्ग उरत नाही.

बोटाचं माप दुपारी द्या. वैशाखाच्या उकाड्यात बोटं सुजतात, सकाळी आणि पावसात बारीक होतात. समुद्रात उतरताना अंगठी काढून ठेवा. पाण्यात बोट आक्रसतं, लाट येते, आणि गणपतीपुळ्याच्या वाळूत मग कुणाला काही सापडत नाही.

पायरी ७: खाऱ्या हवेत सांभाळणं

खारी हवा, दमट पाऊस, घाम, यांनी नीलमाला काही होत नाही. त्याच्यावर बसतं ते तेल. नारळाच्या तेलाचा पुसट थर पाठीवर जमला की खडा मेल्यासारखा दिसतो, आणि लोक समजतात रंग उडाला. कोमट पाणी, दोन थेंब साधा साबण किंवा रिठ्याचं पाणी, आणि मऊ केसांचा जुना टूथब्रश. मागच्या बाजूने घासा. सिंकमध्ये नको, वाडग्यात करा.

नीलम ज्याला त्याला ओरखडतो. आजीच्या नथीचे मोती, पोवळं, सोनंसुद्धा त्याच्यापुढे मऊ आहेत. पेटीत एकत्र टाकू नका. सुती कापडाची वेगळी पुरचुंडी करा. हिऱ्यापासूनही लांब ठेवा, कारण तिथे मार खायची पाळी नीलमाची असते.

अंगठीची डागडुजी करताना, माप वाढवताना किंवा टाका मारताना, खडा आधी काढायला सांगा. निव्वळ नीलम उष्णता सोसतो, पण तापलेला खडा थंड पाण्यात बुडवला तर तडा जाऊ शकतो, आणि घाईच्या दिवसांत सोनाराचा नवा पोऱ्या नेमकं तेच करतो.

वर्षातून एकदा कोंदण तपासून घ्या. आमच्याकडे हे गणपतीच्या आधी होतं, कारण तेव्हा सगळेच दागिने पेटीतून बाहेर निघतात आणि सोनारकाकांकडे अजून गर्दी झालेली नसते. घरी करायची चाचणी सोपी आहे. अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचक्या मारा. अगदी बारीक टिक-टिक ऐकू आली तर खडा आत हलतोय. त्या दिवसापासून ती घालू नका, पुरचुंडीत बांधून सोनाराकडे न्या.